पिचरचा क्रोशा आणि माझी चिठ्ठी

ही गोष्ट सांगायची मी वीसेक वर्षं टाळली. टाळायला फारसं काही करावं लागत नाही. कुणी विचारत नाही, आपण बोलत नाही, दिवस जातात. आमच्या बेसबॉल टीमचा पिचर गेला तेव्हा शोकसभेत मी त्याच्यावर दहा मिनिटं बोललो. त्याच्या बॉलचा वेग, त्याचा शांत स्वभाव, हरल्यावर समोरच्या टीमला चहा पाजायची त्याची सवय, सगळं सांगितलं. सभा संपल्यावर लोकांनी हात धरून छान बोललात म्हटलं. सांगायला हवं होतं ते एकच सोडून मी सगळं बोललो होतो.

नावं लिहीत नाही. इथल्या जुन्या मराठी घरांत ती कळतीलच. माझी बायको हे वाचेल तेव्हा तिलाही पहिल्यांदाच कळेल.

भिलाईत बेसबॉल म्हटलं की बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. आमच्या तरुणपणी इथल्या पोलाद कारखान्यात सगळ्याच खेळांच्या टीम होत्या. आम्ही काहीजण आधी सॉफ्टबॉल खेळायचो, मग बेसबॉल आला तसे तिकडे गेलो. बॉल फेकतो तो पिचर. बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून तो झेलतो, तो कॅचर. तो पिचर होता, मी कॅचर. कुठला बॉल टाकायचा ते कॅचर दोन मांड्यांच्या मध्ये बोटांनी खुणावतो, पिचर मान हलवतो आणि टाकतो. बारा वर्षं मी खुणावलं आणि त्यानं टाकलं. त्याचं घराणं दुर्गचं, पिढ्यांपासून इथलं. माझे वडील रेल्वेत, नागपूरकडून आलेले. तो मशीन शॉपमध्ये होता, मी स्टोअरमध्ये. क्वार्टर एकाच सेक्टरमध्ये, मध्ये दोन गल्ल्या.

खेळ संपला तरी आम्ही जुने लोक रविवारी सकाळी मैदानावर जमायचो. पन्नाशी उलटली होती. थोडं फेकायचं, थोडं झेलायचं आणि गुडघे धरून घरी जायचं. छत्तीसगढ वेगळं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हाचा एक रविवार. त्यानं डाव्या हातातला ग्लोव्ह काढला आणि मला त्याचं अंगठ्याजवळचं बोट दिसलं. त्यावर बारीक लाल वळ होते, एकावर एक.

“काय बे, या वयात पतंग उडवून राहिला का? मांजानं कापल्यावानी बोट झालं तुयं.”

“मांजा नाई. दोरा हाय.”

“कायचा दोरा?”

“क्रोशाचा. हसू नको.”

मी हसलो. तो हसला नाही, म्हणून मग थांबलो.

तो जे सांगत गेला ते असं. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, क्रोशाच्या विणकामात आमच्या मराठी मंडळात पहिली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाच्या हॉलमध्ये बायकांच्या हातच्या वस्तूंचं प्रदर्शन असायचं, त्यात दर वर्षी तिचा रुमाल नाहीतर तोरण पहिलं. शनिवारी दुपारी ती घरी मुलींना क्रोशा शिकवायची. पण तीन वर्षांपासून संधिवातानं तिची बोटं वळत नव्हती.

“सकाळी कपाचा कान बी धरता येत नाई तिले,” तो म्हणाला. “पन डोक्यात सारं हाय. थे सांगते, मी विणतो. पाच साखळ्या, तीन खांब, पलटव. चुकलो का उसवाले लावते.”

“अन् तुले जमते?”

“पयले तिच्यासाठी शिकलो. आता मलेच आवडते बे. दुपारच्या शिफ्टले जाच्या आधी दोन ओळी झाल्या का बरं वाटते.” मग म्हणाला, “कोनाले बोलजो नको. शनिवारच्या पोरीईले थे तोंडानंच शिकवून राहिली, नमुना मी विणलेला दाखवते. बायाईले समजलं तर तिचं कसं होईन?”

मी नाही बोलणार म्हणालो. बॉल त्याच्या हातात दिला आणि परत जाऊन बसलो.

पुढे मी त्यांच्या घरी जाऊन ते पाहिलं. एकदा माहीत झाल्यावर त्यानं माझ्यापासून लपवायचं सोडून दिलं. दुपारची वेळ होती. वहिनी पलंगावर उशीला टेकून डोळे मिटून बसली होती. तो खाली चटईवर, मांडीवर पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा. शेजारी लिंबाच्या लोणच्याची बरणी उन्हात ठेवलेली, तीही त्यानंच घातलेली. उशांचे अभ्रे तो शिवायचा, उन्हाळ्यात कुरडयांचा सोऱ्या तोच दाबायचा. एवढ्या दांडग्या माणसाच्या हातात ती सुई काडेपेटीतल्या काडीएवढी दिसत होती.

“सात साखळ्या,” वहिनी म्हणाली. “नाई, आठ. पाकळी सैल पायजे. आवळता कावून तुमी? बॉल धरून राहिले का?”

“सैल सोडली तर म्हनते ढगळ झाली.”

“ढगळ अन् सैल यात फरक असते. भाऊजी, सांगा यायले.”

मी काय सांगणार? ते नक्षीकाम कुठल्या पुस्तकात नव्हतं. ती डोळे मिटून एकेक फेरी बोलायची आणि ते त्याच्या हातातून निघायचं. मला ते तेव्हाच नीट कळलं होतं. त्या रुमालात बुद्धी तिची होती आणि हात त्याचे. त्यात कुणाची फसवणूक नव्हती. हे मला माहीत होतं, हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढे जे केलं ते मी न समजून केलं असं कुणाला वाटू नये.

त्या स्पर्धेत माझी बायको दर वर्षी दुसरी यायची. मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो की तिच्यासाठी केलं. ते खरं नाही. बायकोला त्याचं काही नव्हतं. ती म्हणायची, “वहिनीचं कामच वेगळं असते, आपलं आपल्या जागी.”

खरं कारण गणपतीतलं. त्या वर्षी मंडळानं जुन्या खेळाडूचा सत्कार ठेवला आणि बोलावलं पिचरला. शाल, नारळ, हार. बोलणारे पाहुणे त्याच्या बॉलबद्दल बोलले. तो बॉल बारा वर्षं कुणी झेलला हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. पिचरचा चेहरा सगळे पाहतात, कॅचरच्या तोंडावर जाळी असते. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. पिचर दोन वाक्यं बोलायला उभा राहिला तेव्हा म्हणाला, “माया कॅचर बसला हाय तिथं. त्याले बी वर बोलवा.” लोकांनी मागे वळून पाहिलं. मी उठलो नाही. हातानंच राहू दे म्हणून खूण केली. म्हणजे तो मला विसरला असंही मला म्हणता येत नाही. मला त्याच्या सांगण्यावरून वर जायचं नव्हतं, एवढंच. मंडळानं बोलवायला हवं होतं. 

डिसेंबरात मी भिलाईतल्याच सुपेल्याच्या बाजारात गेलो. चौकाच्या पुढे टायपिंगचं एक दुकान होतं, अर्ज-बिर्ज करून द्यायचे. हातानं लिहिलं असतं तर अक्षर ओळखलं असतं, आणि मराठीत लिहिलं असतं तर घरचाच माणूस हे कळलं असतं. म्हणून मी हिंदीत सांगितलं आणि टायपिस्टनं टाइप केलं. दोनच ओळी होत्या. महिला मंडळाच्या अध्यक्षांना नमस्कार, आणि ज्या बहनजींना दर वर्षी पहिला इनाम मिळतो ते काम त्यांच्या पतीचं आहे, जाँच करावी.

“अंकल, नीचे नाम क्या डालूँ?”

“शुभचिंतक.”

त्यानं कागद काढला, एकदा वाचला. “अच्छा, आदमी बुनता है?” तो म्हणाला. “बढ़िया है.”

त्या चिठ्ठीबद्दल कुणी बोललेलं तेवढं एकच चांगलं वाक्य. मी कागद पाकिटात घातला आणि तिथल्याच पोस्टाच्या डब्यात टाकला. ती सांगते आणि तो विणतो, हे त्यात लिहिलं नव्हतं. ते लिहिलं असतं तर चिठ्ठीत काही दमच राहिला नसता.

संक्रांतीचं हळदीकुंकू दुपारी होतं. बायका सतरंजीवर, आम्ही पुरुष मागे खुर्च्यांवर तिळगुळाची वाट पाहत. अध्यक्ष बाई चांगल्या होत्या. चिठ्ठीमुळे कुणा एकीकडे बोट दाखवलं जाऊ नये म्हणून त्यांनी युक्ती काढली होती. त्या म्हणाल्या, “यंदा आपण जरा गंमत करू. पयल्या तिघीजनी इथंच सगळ्यांसमोर एक-एक फूल विणून दाखवा. नव्या पोरीईले बी शिकाले भेटन.”

तिघींना सुई-दोरा दिला. माझी बायको त्यात होती. ती मान खाली घालून विणायला लागली. तिसरीही लागली. वहिनीनं सुई धरली. दोरा बोटावर घ्यायला गेली आणि सुई खाली पडली. त्यांची मुलगी कॉलेजात होती तेव्हा, ती पुढे आली, सुई उचलून दिली. पुन्हा पडली.

“आज डोळ्याले दिसून नाई राहिलं,” वहिनी म्हणाली.

कुणीतरी आपला चष्मा काढून पुढे केला. चांगल्या मनानं केला. वहिनीनं तो घेतला आणि घातला. सगळा हॉल तिच्या बोटांकडे पाहत होता. बोटं वाकडी होऊन तशीच राहिली होती. तीन वर्षं ती लोकांत हात पदराखाली ठेवून बसायची, हे तेव्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं.

मी मागे खुर्चीवर होतो. त्या घटकेला उठून काहीही बोललो असतो तरी चाललं असतं.

पिचर उठला. बायकांमधून वाट काढत गेला, सतरंजीवर तिच्याशेजारी मांडी घालून बसला आणि तिच्या हातातली सुई घेतली. मागून दोघं-तिघं पुरुष हसले. त्यानं दोरा बोटावर घेतला आणि तिच्याकडे पाहिलं.

“बोल,” तो हळूच म्हणाला. “किती साखळ्या?”

ती बोलली नाही.

“बोल ना. आठ घेऊ का?”

ती बोलली असती तर सगळ्यांना कळलं असतं. एक फेरी जरी तिनं सांगितली असती तरी त्या बायका समजणाऱ्या होत्या. पण तिनं पदर दोन्ही हातांवर ओढला आणि खाली पाहत राहिली. त्यानं मग आपल्या मनानं साधं गोल विणलं, चार खांबांचं, शाळेतल्या मुलीचं असतं तसं. तिनं सांगितल्याशिवाय त्याला तेवढंच येत होतं. कुणीतरी म्हणालं, “वा, पिचर भाऊ, घरी भांडे बी घासता का?” हसू झालं. अध्यक्ष बाईंनी घाईघाईनं तिळगुळ वाटायला घेतला.

पहिलं बक्षीस माझ्या बायकोला मिळालं. घरी येऊन तिनं ते तसंच कागदात गुंडाळलेलं माळ्यावर टाकलं आणि भाजी चिरायला बसली. 

“अध्यक्ष बाईले कोनी तरी चिठ्ठी धाडली म्हने. कोन असन हो असा?” ती म्हणाली. “हातात किडे पडो त्याच्या.”

मी पेपर वाचत होतो.

ती चिठ्ठी हिंदीत होती, हे दोन दिवसांत सगळ्या मराठी घरांत झालं. आणि हिंदीत होती म्हणून सगळ्यांनी एकच अर्थ काढला की हे बाहेरच्या माणसाचं काम. मराठी माणूस मराठी मंडळाला हिंदीत कशाला लिहील? बाहेरच्याला घरातलं कसं कळलं? तर पिचर डिपार्टमेंटमध्ये बोलला असेल. चहाच्या वेळी बढाई मारली असेल आणि कुणीतरी डाव साधला. मी लपण्यासाठी जी भाषा घेतली तिनं त्याला पकडून दिलं.

माझी बायको वहिनीला भेटायला गेली होती तेव्हा तिच्यासमोरच ते झालं. तिनं घरी येऊन मला सांगितलं. वहिनी नवऱ्याला म्हणाली, “तुमीच बोलले असान मशीन शॉपमधे. दुसऱ्या कोनाले मालूम होतं?”

पिचरला माहीत होतं की आणखी एकाला, मला, माहीत होतं. तो म्हणाला, “हो. बोललो असन एखाद्या वेळी. चुकलं मायं.”

बायकोनं हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, “असन बोलला.” हे दोन शब्द मी म्हणालो. चिठ्ठीपेक्षा मला आज त्यांची जास्त लाज वाटते. चिठ्ठी रागात लिहून घेतली होती. हे शांतपणे म्हणालो.

पुढच्या रविवारी तो मैदानावर येणार नाही असं मला वाटलं होतं. तो आला. ग्लोव्ह घातला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, “आज इशारे देऊ नको. मी माया मनानं टाकतो.”

त्या दिवशी माझ्या हातून बॉल सुटत राहिले. कुठला येणार हे कळत नव्हतं. एक छातीवर लागला. त्यानं लागलं का म्हणून विचारलं, पाणी आणून दिलं. परत निघताना सायकलचं कुलूप काढत, माझ्याकडे न पाहता म्हणाला, “तुया बायकोले येत राहू दे बे आमच्या घरी. तिच्यासंगंच बोलते थे. दुसऱ्या कोनासंगं बोलत नाई आता.”

त्यानं माझं नाव का घेतलं नाही, याचं उत्तर मला तिथं मिळालं. त्यानं सांगितलं असतं तर माझ्या बायकोचं तिकडे जाणं तुटलं असतं, आणि वहिनीकडे येणारी तीच एक उरली होती. मी तेव्हा त्याला म्हणायला हवं होतं की मी चुकलो, मी जाऊन सांगतो. मी म्हणालो, “येईन ना, तिले काय झालं न याले.”

शनिवारचा क्लास बंद झाला. वहिनी नंतर मंडळात आली नाही, गणपतीलाही नाही. पिचरनं क्रोशा सोडला. मुलगी म्हणाली होती, आई आता सांगतच नाही, मग बाबा काय विणणार? लोणचं तो घालायचा, कुरडया करायचा. पण ते हात कशात तरी रमवायचे म्हणून. त्या घरात दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत, असं माझी बायको सांगायची. “एवढीशी गोष्ट,” ती म्हणायची, “पन वहिनीच्या मनातून जात नाई. म्हनते, मायी झाकली मूठ यायनंच उघडली.”

पिचरची आणि माझी भेट होत राहिली. रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटले, तो हुडको कॉलनीत घर घेऊन राहिला, मी दुसऱ्या वसाहतीत आलो. लग्नाकार्यात, पेन्शनच्या कामात भेटायचो. त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. दर वेळी मला वाटायचं, आज बोलू. दर वेळी त्याच्याबरोबर दुसरं कुणीतरी असायचं, किंवा नसायचं. मग तो गेला. फार दिवस आजारी नव्हता.

तो गेल्यावर मी हुडकोला चार वेळा गेलो, फक्त हे सांगायला. पहिल्या तीन वेळी मुलगी घरात होती. तिच्यासमोर नको वाटलं. खरं तर तिच्यासमोरच सांगायला हवं होतं, तीही वडलांचीच चूक समजत होती. चौथ्या वेळी वहिनी एकटी होती. मी वाटेत वाक्य तयार केलं होतं आणि रिक्षात तेच म्हणत आलो होतो.

तिनं मला बसवलं. चहा करता येत नव्हता म्हणून बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला. “घ्या भाऊजी, झाकण तुमीच काढा.” मी काढलं. इकडचं तिकडचं झालं. मग तिनं आपणहून तो विषय काढला.

“एक सांगू का तुमाले?” ती म्हणाली. “यायनं जिंदगीभर मले कधी दुखावलं नाई. एकच चूक केली. बोलून बसले लोकाईत. मी लई वर्षं धरून बसली थे. शेवटी शेवटी दवाखान्यात यायचा हात धरला अन् म्हटलं, जाऊ द्या, मी माफ केलं.”

“मग?” मी विचारलं. “तो काय म्हणाला?”

“काई नाई. मान हलवली. रडले जरासे.”

माझ्या तोंडात बिस्किट होतं. तो न केलेल्या चुकीची माफी घेऊन गेला होता, आणि ज्यानं केली तो तिच्या समोर बसून खात होता. सांगायची वेळ तीच होती. मला वाटलं, आता सांगितलं तर तिनं मोठ्या कष्टानं मिटवलेलं मी उकरून काढीन, आणि तिला कळेल की एवढी वर्षं ती चुकीच्या माणसाशी अबोल राहिली. हे मी तिच्या भल्यासाठी गप्प राहतोय असं मी तिथं बसल्या बसल्या ठरवलं. मी भ्यालो होतो, दुसरं काही नाही.

“चांगलं केलं वहिनी,” मी म्हणालो, आणि उठलो.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. तेराव्याला मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “काका, आईनं बाबांना माफ केलं होतं, हे बरं झालं ना?” मी हो म्हणालो. म्हणून आता लिहितोय. तिच्या वडलांनी कुणाशी काही बोलून टाकलं नव्हतं, हे तिला कळावं, आणि ज्यांनी ज्यांनी तसं मानलं त्यांनाही.

रिक्षात म्हणत गेलो होतो ते वाक्य असं होतं:

“वहिनी, त्यानं कोनालेच सांगतलं नव्हतं. थे चिठ्ठी मी सुपेल्यात टाइप करून घेतली. तुमी सांगता अन् तो विणते, हे मी डोळ्यानं पाहिलं होतं, तरी बी लिहिलं नाई. तुमी त्याच्यावर रागावल्या तवा बी मी चूप होतो. मले माफ करा.”